मनोरा, उपग्रह आणि क्लाउड: भारतातील क्रिकेट प्रसारणाची नव्वद वर्षे

भारतात क्रिकेटच्या सामन्याचे धावते वर्णन नभोवाणीवरून प्रथम ऐकू आले ते १९३४ मध्ये, मुंबईच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी. त्यांचे समालोचक बॉबी तल्यारखान मायक्रोफोन दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. खेळ सुरू असेपर्यंत ते एकटेच बोलत. मुंबईत नभोवाणी येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले होते. ही कंपनी खासगी होती. रेडिओ बाळगणाऱ्याला वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यावा लागे आणि त्या शुल्कातला वाटा हेच कंपनीचे मुख्य उत्पन्न होते. परवाने पुरेसे खपले नाहीत आणि १९३० मध्ये कंपनी बुडाली. सरकारने केंद्रे ताब्यात घेतली; त्यांतूनच १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव पुढे आले.

कंपनीच्या या दिवाळ्यातून प्रसारणाच्या अर्थकारणाचा मूळ नियम दिसतो. प्रक्षेपक उभारायला आणि चालवायला जो खर्च येतो, तो ऐकणारे शंभर असोत की एक लाख, तेवढाच राहतो. श्रोते थोडे असतील तर तो खर्च भागत नाही. ते वाढले तर प्रत्येक नवा श्रोता जवळजवळ फुकट पडतो. श्रोत्यांची गर्दी हा प्रसारकाचा नफा असतो, भार कधीच नसतो. पुढची ऐंशी वर्षे माध्यम बदलले, पण हा नियम टिकला. इंटरनेटने तो उलटा केला. प्रसारकांना क्लाउडची वाट का धरावी लागली, याचे उत्तर या उलथापालथीत आहे.

एकतर्फी प्रसारणाचा काळ

स्वातंत्र्यानंतर क्रिकेटचे धावते वर्णन घरोघरी पोहोचवण्याचे काम आकाशवाणीने केले. महाराष्ट्रात इंग्रजी आणि हिंदीच्या जोडीला मराठी समालोचनाचीही परंपरा घडली. बाळ ज. पंडित आणि वि. वि. करमरकर यांनी स्क्वेअर कट, गुगली, स्लिपमधला झेल हे सारे मराठीत कसे बोलायचे ते रूढ केले. कचेरीत, सलूनमध्ये, चाळीच्या गॅलरीत एका ट्रान्झिस्टरभोवती दहा-वीस माणसे जमत. ती किती होती, त्यांना काय आवडले आणि कोणत्या क्षणी ती उठून गेली, हे कळण्याची सोय केंद्राकडे नव्हती.

दूरचित्रवाणीनेही हाच साचा उचलला. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावर उभ्या राहिलेल्या सहक्षेपण केंद्रामुळे तेच कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. १ एप्रिल १९७६ पासून दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. प्रक्षेपण जमिनीवरून होत असल्याने मनोऱ्याच्या टप्प्यातली घरे प्रेक्षक ठरत. डोंगराआडची गावे कोरडी राहत. ही मर्यादा उपग्रहाने ओलांडली. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला होता. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण आले. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना भारतात दूरदर्शनवर थेट दिसला. त्यानंतर दोनच महिन्यांनी इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि गावोगावच्या लहान प्रक्षेपकांना दिल्लीचे कार्यक्रम उपग्रहामार्फत मिळू लागले.

उपग्रहाच्या टप्प्यात दहा हजार डिश असोत की दहा लाख, वरून येणारा संदेश एकच असतो. त्यामुळे मनोऱ्याचा हिशेब उपग्रहालाही तसाच लागू पडला. उणीव राहिली ती एकच, प्रेक्षकाच्या उत्तराची. ती जागा टपाल खात्याने भरून काढली. ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमांसाठी श्रोते पोस्टकार्डावर गाण्यांची फर्माईश पाठवत. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या ‘सुरभि’ने तर या वाटेची क्षमता संपवली. दूरदर्शनवरच्या या कार्यक्रमात दर आठवड्याला प्रश्न विचारले जात आणि १९९३ मध्ये एका आठवड्यात १४ लाखांहून अधिक पत्रे आली. त्या वेळी साधे पोस्टकार्ड १५ पैशांना मिळे. तोट्यातल्या पोस्टकार्डांचा हा पूर पाहून टपाल खात्याने स्पर्धांसाठी दोन रुपयांचे वेगळे पोस्टकार्ड काढले. प्रेक्षकांचा प्रतिसाद झेलण्यासाठी लागणारी यंत्रणा अपुरी पडण्याचा भारतीय दूरचित्रवाणीतला हा पहिला ठळक प्रसंग म्हणता येईल. मात्र तो भार टपालवाटपावर पडला. प्रक्षेपणाला त्याची झळ लागली नाही.

केबल, न्यायालय आणि एसएमएस

१९८०च्या दशकात मुंबईच्या इमारतींमध्ये केबलवाले अवतरले. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर एका घरात ठेवायचा, गच्चीवरून वायरी सोडायच्या आणि महिन्याच्या भाड्यावर सिनेमे दाखवायचे, असा हा धंदा होता. १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या बातम्या आणि हाँगकाँगहून सुरू झालेला स्टार टीव्ही आल्यावर याच केबलवाल्यांनी गच्चीवर डिश बसवल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. सरकारच्या परवानगीची वाट न पाहता आकाश खुले झाले होते.

कायदा या घडामोडींच्या मागून आला आणि तोही क्रिकेटमुळेच. १९९३ मध्ये हिरो चषकाच्या प्रक्षेपणाचे हक्क बंगाल क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला दिले आणि त्यावरून दूरदर्शनशी वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयातील न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने निकाल दिला की, रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. सामना दाखवण्याचा हक्क ही बाजारात विकण्याची वस्तू आहे, हे यानंतर पक्के झाले. महाराष्ट्रात अल्फा मराठी १९९९ मध्ये आणि ई टीव्ही मराठी २००० मध्ये सुरू झाले आणि मराठी प्रेक्षकाला दूरदर्शनच्या सह्याद्रीखेरीज पर्याय मिळाले.

प्रेक्षकाचे उत्तर आता टपालाऐवजी टेलिफोनवरून येऊ लागले. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला. त्यात भाग घ्यायचा तर फोन लावावा लागे. पुढे मोबाइल आला. २००४-०५ मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वात प्रेक्षकांनी एसएमएसने मते दिली आणि मुंबईचा अभिजीत सावंत विजेता ठरला. एसएमएसचे पैसे मोबाइल कंपनी आणि वाहिनी यांच्यात वाटले जात, त्यामुळे प्रतिसाद हे उत्पन्नाचेही साधन झाले. तरी वाहिनीला दिसत होती ती फक्त उत्तर देणारी माणसे. गप्प बसून पाहणाऱ्यांचा अंदाज काही हजार घरांत बसवलेल्या मीटरवरून बांधला जाई. त्या टीआरपीच्या आकड्यांवर जाहिरातींचे दर ठरत आणि तक्रारीही त्यांवरूनच होत.

गर्दीचा नियम उलटतो

इंटरनेटवर व्हिडिओ दाखवण्याचे काम मुळातच वेगळ्या पद्धतीने चालते. मैदानावरून आलेले चित्र आधी एन्कोडरमध्ये जाते. तिथे त्याच्या कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रती तयार होतात आणि प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात. प्रेक्षकाचे ॲप एकेक तुकडा मागवून घेते. नेटचा वेग घटला की खालच्या दर्जाचा तुकडा मागते, वाढला की वरचा. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीनंतर हीच रीत सर्वत्र रुळली. या साखळीत प्रत्येक फोन स्वतंत्रपणे मागणी करत असतो. दहा लाख प्रेक्षक म्हणजे दर काही सेकंदांनी दहा लाख मागण्या. प्रेक्षक दुप्पट झाला की सर्व्हरवरचा भार दुप्पट होतो आणि बँडविड्थचे बिलही दुप्पट होते. मनोऱ्यासाठी फुकट असलेला पुढचा प्रेक्षक इथे खर्चात पडू लागला.

या भाराचा एक भाग सीडीएन उचलते. सीडीएन म्हणजे देशभरातील दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्याजवळ ठेवलेल्या सर्व्हरांची साखळी. नागपूरच्या प्रेक्षकाला तुकडा मुंबईच्या मूळ सर्व्हरवरून न आणता जवळच्या सर्व्हरवरून दिला जातो. पण लॉगिन, वर्गणीची तपासणी, मुख्य पान, धावफलक, शिफारशी, जाहिराती ही कामे त्या साखळीत साठवून ठेवता येत नाहीत. प्रत्येक प्रेक्षकासाठी ती नव्याने करावी लागतात.

खरी अडचण गर्दीच्या स्वभावात होती. क्रिकेटची गर्दी वर्षातले मोजके दिवस, त्या दिवसांतले काही तास आणि त्या तासांतली शेवटची काही षटके एवढ्याच वेळात येते. तेवढ्यासाठी स्वतःचे सर्व्हर विकत घ्यायचे तर बाकीचे वर्षभर ते पडून राहणार. घरच्या लग्नासाठी कुणी कायमचे मंगल कार्यालय बांधत नाही, मंडप आणि भांडी भाड्याने आणतो; क्लाउडचा व्यवहार याच जातीचा आहे. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण आणि संगणनशक्ती तासाच्या भाड्याने देणे सुरू केले. अमेरिकेत नेटफ्लिक्सने ऑगस्ट २००८ मधल्या डेटाबेसच्या बिघाडानंतर आपले काम या क्लाउडवर हलवायला घेतले आणि जानेवारी २०१६ मध्ये ते पूर्ण केले. ब्रिटनमध्ये बीबीसीने २००७ च्या नाताळात सुरू केलेल्या आयप्लेअरची व्हिडिओप्रक्रिया २०१३ मध्ये क्लाउडवर नेली. नेटफ्लिक्सचा साठा तेव्हा आधीच चित्रित केलेला असे आणि त्याचा प्रेक्षक दिवसभर विखुरलेला असे. थेट सामन्याच्या प्रसारणात मात्र सगळे एकाच वेळी येतात, म्हणून भारतातली कसोटी अधिक कठीण होती.

भारतात पाया कसा तयार झाला

आयपीएलचे सामने २०१० मध्येच यूट्यूबवर दिसले होते, पण त्या वेळी भारतात घरगुती ब्रॉडबँड मोजक्या घरांत होते आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहणे महाग पडे. एप्रिल २०१२ मध्ये स्टार इंडियाने भारतीय क्रिकेट मंडळाचे हक्क ३,८५१ कोटी रुपयांना घेतले. त्यांत इंटरनेटवरचे हक्कही होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील विश्वचषकाच्या तोंडावर, स्टारने हॉटस्टार हे ॲप आणले. मालिका, सिनेमे आणि क्रिकेट एकाच ठिकाणी, तेही बहुतांशी फुकट, असे त्याचे स्वरूप होते. त्याच महिन्यात आयपीएलच्या तीन हंगामांचे डिजिटल हक्क ३०२.२ कोटी रुपयांना स्टारच्या उपकंपनीकडे गेले. सात वर्षांनंतरच्या लिलावाशी तुलना करता ही रक्कम किरकोळ वाटते.

पुढच्या दोन-तीन वर्षांत दोन गोष्टी जुळून आल्या. क्लाउड कंपन्यांनी भारतात डेटा सेंटरे उघडली: मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत, गूगलनेही २०१७ मध्ये मुंबईच निवडली. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि वित्तसंस्थांची मुख्यालये याच शहरात आहेत, त्यामुळे या यादीत मुंबई पुन्हा पुन्हा येते. दुसरी गोष्ट ५ सप्टेंबर २०१६ रोजी घडली. रिलायन्स जिओची ४जी सेवा सुरू झाली आणि मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट मिळाला. महिन्याला एक जीबी पुरवून वापरणारा ग्राहक रोज एक जीबी वापरू लागला. गावाकडच्या एसटीत, मुंबईच्या लोकलमध्ये, पानाच्या टपरीवर फोनवर सामना चालू दिसणे नेहमीचे झाले.

गर्दीचे आकडे त्यानंतर झपाट्याने वाढले. ऑक्टोबर २०१२ मध्ये फेलिक्स बाउमगार्टनरने अंतराळाच्या उंबरठ्यावरून घेतलेली उडी यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाख लोकांनी पाहिली होती. थेट प्रसारणाचा तो उच्चांक साडेपाच वर्षे टिकला. मे २०१८ मध्ये वानखेडेवर झालेल्या आयपीएलच्या अंतिम सामन्यात हॉटस्टारने एक कोटीचा टप्पा ओलांडला. मे २०१९ मध्ये मुंबई इंडियन्स आणि चेन्नई सुपर किंग्ज यांच्या अंतिम सामन्याला हा आकडा १ कोटी ८६ लाखांवर पोहोचला.

१० जुलै २०१९

इंग्लंडमधील विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना मँचेस्टरला ९ जुलैला सुरू झाला, पावसाने थांबला आणि राखीव दिवशी पूर्ण झाला. २४० धावांचा पाठलाग करताना भारताची आघाडीची फळी कोसळली. रवींद्र जडेजा आणि महेंद्रसिंह धोनी यांनी डाव सावरला आणि हॉटस्टारवरची प्रेक्षकसंख्या षटकागणिक चढत गेली. ती एका वेळी २ कोटी ५३ लाखांवर पोहोचली. तोवर इंटरनेटवरच्या कोणत्याही थेट प्रसारणाला एवढे प्रेक्षक एकाच वेळी लाभल्याची नोंद नव्हती. मग ४९ व्या षटकात मार्टिन गप्टिलच्या थेट फेकीने धोनी धावबाद झाला आणि थोड्याच वेळात प्रेक्षकसंख्या दहा लाखांच्या आसपास उतरली.

तंत्रज्ञांना चढणीइतकीच ही उतरण अवघड जाते. सामना पाहणारा प्रेक्षक केवळ व्हिडिओचे तुकडे मागत असतो आणि ते सीडीएनवरून मिळतात. विकेट पडली, सामना हातचा गेला, की तो ‘बॅक’चे बटण दाबतो आणि मुख्य पानावर येतो. मुख्य पानासाठी त्याची ओळख, त्याची भाषा, त्याने अर्धवट सोडलेली मालिका, त्याच्यासाठीच्या शिफारशी अशा अनेक मागण्या एकदम मूळ सर्व्हरकडे जातात. कोट्यवधी लोकांनी एकाच मिनिटात ‘बॅक’ दाबले, तर व्हिडिओ सुरळीत असूनही ॲप बसू शकते. त्यामुळे निघून जाणाऱ्या गर्दीसाठीही सर्व्हर तयार ठेवावे लागतात.

यावरचे उपाय हॉटस्टारच्या अभियंत्यांनी पुढे जाहीर भाषणांतून सांगितले. क्लाउड कंपनीची भार पाहून आपोआप सर्व्हर वाढवणारी सोय क्रिकेटला पुरत नव्हती. नवा सर्व्हर चालू होऊन कामाला लागायला वेळ लागतो. प्रेक्षक तर मिनिटाला लाखांनी येतात. म्हणून सध्याची प्रेक्षकसंख्या आणि मागण्यांचा वेग पाहून टप्प्याटप्प्याने, गर्दीच्या आधीच, सर्व्हर वाढवणारी स्वतःची यंत्रणा त्यांनी बनवली आणि हाताशी नेहमी जादा क्षमता ठेवली. स्पर्धेआधी नकली गर्दीची तालीम घेतली जाई. त्यासाठी आठ ठिकाणच्या डेटा सेंटरांतून ३,००० मोठे सर्व्हर भाड्याने घेऊन आपल्याच यंत्रणेवर मागण्यांचा मारा केला जाई. प्रत्यक्ष सामन्यात सेकंदाला दहा लाखांहून अधिक मागण्या आणि १० टेराबिटहून अधिक बँडविड्थ लागे. भार हाताबाहेर जाऊ लागला तर काय बंद करायचे याचा क्रमही ठरलेला असे: आधी शिफारशी, मग इतर सजावट, व्हिडिओ आणि जाहिरात शेवटपर्यंत चालू. प्रेक्षकाला पान थोडे साधे दिसते, पण सामना तुटत नाही.

प्रेक्षकाचे उत्तर त्याच वाटेने

क्लाउडमुळे प्रेक्षकाचे उत्तर पहिल्यांदाच प्रसारणाच्या वाटेनेच परत येऊ लागले. पत्र टपालाने, फोन तारेने आणि एसएमएस मोबाइल कंपनीमार्फत येत असे; आता ज्या पडद्यावर सामना चालू आहे त्यावरच बोट टेकवून बोलता येऊ लागले. २०१८ च्या आयपीएलमध्ये हॉटस्टारने पुढच्या चेंडूवर काय होईल याचा अंदाज बांधण्याचा खेळ सामन्याच्या खालीच दिला. २०१९ च्या विश्वचषकात इमोजींची सोय आली. षटकार गेला की पडद्यावर टाळ्या आणि फटाके, झेल सुटला की कपाळावर हात. या एका स्पर्धेत सुमारे पाच अब्ज इमोजी आले. आलेल्या इमोजींची मोजणी काही सेकंदांत करून त्या क्षणाचा कल सगळ्यांच्या पडद्यावर परत दाखवायचा, हे काम क्लाउडवरच्या संदेशांच्या रांगा आणि प्रवाही गणन करणाऱ्या प्रणाली करत. ‘कौन बनेगा करोडपती’नेही टेलिफोनच्या रांगेतून बाहेर पडून घरबसल्या ॲपवर उत्तरे देण्याची सोय केली.

यातून प्रसारकाला मीटरच्या नमुन्याऐवजी प्रत्येक प्रेक्षकाची नोंद मिळाली: कोणता फोन, कोणते गाव, कोणत्या चेंडूला उठला, कोणती जाहिरात पाहिली. एकाच विश्रांतीत पुण्याच्या प्रेक्षकाला एक आणि लखनौच्या प्रेक्षकाला दुसरी जाहिरात दाखवणे शक्य झाले. या नोंदींवर प्रेक्षकाचा हक्क किती, हा प्रश्न भारतात ऑगस्ट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने प्रथमच स्वतंत्रपणे कायद्याच्या कक्षेत आणला. तोवर हॉटस्टारसारखी ॲपे आठ वर्षे चालत आली होती.

लिलाव, मराठी आणि सहा कोटी

बदललेल्या अर्थकारणाचा पुरावा जून २०२२ च्या लिलावात मिळाला. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क एकूण ४८,३९० कोटी रुपयांना गेले. भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणीचे हक्क डिस्ने स्टारने (पूर्वीच्या स्टार इंडियाने) २३,५७५ कोटींना घेतले. डिजिटलचे दोन गट रिलायन्सच्या व्हायकॉम१८ ने मिळवले आणि त्यांची बेरीज दूरचित्रवाणीच्या रकमेपेक्षा थोडी जास्त भरली. इंटरनेटवरचा हक्क टीव्हीपेक्षा महाग ठरण्याची आयपीएलमधली ही पहिलीच वेळ होती. दोन्ही हक्क वेगळ्या कंपन्यांकडे गेल्याने एकाच सामन्यासाठी टीव्ही आणि फोन एकमेकांचे स्पर्धक झाले.

व्हायकॉम१८ च्या जिओसिनेमाची पहिली मोठी परीक्षा नोव्हेंबर २०२२ मध्ये फुटबॉल विश्वचषकात झाली. उद्घाटनाच्या दिवशी बफरिंगच्या तक्रारींचा पाऊस पडला. क्लाउड भाड्याने घेतला म्हणजे काम आपोआप होत नाही, तालमीला पर्याय नाही, हे त्यातून दिसले. २०२३ च्या आयपीएलपर्यंत घडी बसली होती आणि सामने फुकट दाखवले गेले. अंतिम सामन्याला एका वेळी ३ कोटी २० लाखांहून अधिक प्रेक्षक होते.

मराठी प्रेक्षकासाठी या हंगामाचे महत्त्व वेगळे आहे. जिओसिनेमाने बारा भाषांत समालोचन दिले आणि त्यांत मराठी होती. दूरचित्रवाणीवर आणखी एका भाषेसाठी बहुधा आणखी एक वाहिनी लागते. वाहिनीला परवाना, उपग्रहावरची जागा आणि केबलवाल्याच्या यादीतली जागा लागते. स्ट्रीमिंगमध्ये चित्र तेच राहते, आवाजाची एक प्रत वाढते. ट्रान्झिस्टरवर रुजलेले मराठी समालोचन टीव्हीच्या काळात मागे पडले होते, ते या वाटेने परत आले. पुण्याचा केदार जाधव त्या हंगामात मराठी समालोचन करत होता. रॉयल चॅलेंजर्स बंगलोरचा डेव्हिड विली जखमी झाला, तेव्हा मे महिन्याच्या सुरुवातीला जाधवला बदली खेळाडू म्हणून संघात घेतले गेले.

२०२३ च्या एकदिवसीय विश्वचषकात डिस्ने प्लस हॉटस्टारनेही मोबाइलवर सामने फुकट दिले. वानखेडेवरच्या उपांत्य सामन्याला ५ कोटी ३० लाख आणि १९ नोव्हेंबरच्या अहमदाबादमधील अंतिम सामन्याला ५ कोटी ९० लाख प्रेक्षक एकाच वेळी होते. त्याच अंतिम सामन्याला दूरचित्रवाणीवर एका वेळी सुमारे १३ कोटी लोक होते. क्लाउडने टीव्हीची जागा घेतली, असे म्हणणे त्यामुळे अजून घाईचे ठरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे माध्यमव्यवसाय एकत्र आले आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दोन्ही ॲपे मिळून जिओहॉटस्टार झाले. स्पर्धेतून वाढलेले क्षेत्र दहा वर्षांत पुन्हा एका हाती आले.

सार्वजनिक प्रसारकाची बाजू

आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनेही हा मार्ग धरला. आकाशवाणीची केंद्रे ॲपवर ऐकू येतात, त्यामुळे रत्नागिरी किंवा सांगली केंद्राचा टप्पा आता दुबईपर्यंत पोहोचला आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनावेळी प्रसार भारतीचा ‘वेव्हज’ हा ओटीटी मंच सुरू झाला. त्यात जुन्या मालिका, थेट वाहिन्या आणि रेडिओ एकत्र आहेत. दुसरीकडे, दूरदर्शनचे जमिनीवरचे ॲनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बहुतेक सगळे बंद करण्यात आले.

याच काळात आयआयटी कानपूर आणि प्रसार भारती यांच्या सहभागाने ‘डायरेक्ट टू मोबाइल’ या तंत्राच्या चाचण्या सुरू झाल्या. त्यात मनोऱ्यावरून निघालेला एकच संदेश इंटरनेटशिवाय थेट फोनवर उतरतो, म्हणजे प्रेक्षक वाढले तरी भार वाढत नाही. फोनमध्ये त्यासाठी वेगळी चिप लागते आणि अनेक फोनउत्पादक व दूरसंचार कंपन्या सुरुवातीला तिला राजी नव्हत्या.

दोन्ही व्यवस्थांची ताकद वेगवेगळी आहे. क्लाउड तासाभराच्या गर्दीसाठी क्षमता भाड्याने देतो, भाषा वाढवतो आणि प्रेक्षकाला बोलू देतो. त्याची किंमत प्रेक्षकसंख्येबरोबर चढते आणि ती वर्गणी, जाहिरात किंवा वैयक्तिक माहिती यांपैकी कशाने तरी प्रेक्षकच भरतो. मनोरा आणि उपग्रह प्रेक्षकाला ओळखत नाहीत, पण सर्वांपर्यंत एकाच खर्चात पोहोचतात आणि पूर-वादळात मोबाइलचे जाळे बंद पडले तरी चालू राहू शकतात. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला यांपैकी एक निवडता येते. रेडिओलहरी जनतेच्या आहेत हे १९९५ चे न्यायतत्त्व मानणाऱ्या देशाच्या सार्वजनिक प्रसारकाला दोन्ही सांभाळावे लागतील.